प्रोग्रॅमिंगचं पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं? मराठी शाळेतून आलेल्या मुलांसाठी माझी निवड

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापुरात घरोघरी एकच विषय असतो: पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स की डिप्लोमा, बेळगावला जायचं की इथंच. मी गणिताच्या शिकवण्या घेते. निकालापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे जे मोकळे दिवस असतात, त्यात इच्छा असलेल्या मुलांना प्रोग्रॅमिंगची ओळख करून देते. त्यामुळे या काळात दारात येणारे पालक फीच्या आधी पुस्तकाचं विचारतात. "टीचर, कुठलं पुस्तक ते सांगा की, बेळगावला चाललोय तर घेऊनच येतो."

माझं उत्तर आता पक्कं झालंय. ॲलन डाउनी यांचं 'थिंक पायथन', दुसरी आवृत्ती, २०१५ ची. पायथन ही प्रोग्रॅमिंगची एक भाषा. लेखकानं ते इंटरनेटवर मोफत ठेवलंय, तेव्हा बेळगावला जाण्याचीही गरज नाही. छापून घ्यायचं आणि स्पायरल बाइंडिंग करायचं. पण नुसतं नाव सांगून भागत नाही, कारण दुकानात गेलेल्या माणसाच्या हातात वेगळंच पुस्तक पडतं, आणि हेच का, तेच का नाही, हे पालकांनाही कळायला पाहिजे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे कुणासाठी लिहितेय ते सांगते. दहावीपर्यंत मराठी शाळा, जोडीला कन्नड आणि इंग्रजी. घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड दोन्ही, आणि अकरावीला सायन्स घेतलं की एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी. ही मुलं हुशार असतात. इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण हळू येतं. चार ओळींचं एक वाक्य आलं की ती मधेच थांबतात. थांबलेल्या मुलाला वाटतं की आपल्याला प्रोग्रॅमिंगच जमत नाही. अडलेलं असतं ते वाक्य, आणि पोर दोष देतं स्वतःच्या डोक्याला. हे बघताना मला फार वाईट वाटतं. म्हणून पुस्तक हातात घेतलं की मी आधी एवढंच बघते: हळू वाचणारं मूल पहिल्या वीस पानांत स्वतःच्या हातानं काहीतरी लिहून चालवतं का? त्यात थोडा बदल करून काय होतं ते बघतं का? तसं होत असेल तर पुढचं इंग्रजी ते ओढत नेतं. नसेल तर कितीही नामांकित पुस्तक असो, ते कपाटात जातं.

आता दुकानाचं. बेळगावात कॉलेज रोडला, खडेबाजाराकडं जाऊन कॉम्प्युटरचं पुस्तक मागितलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या सेमचं पायजे?" सेमचं नको, शिकायला पाहिजे, असं म्हटलं की "मग हे न्या की, सगळे हेच नेतात" म्हणून सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं एक जाडजूड परीक्षेचं पुस्तक समोर येतं. यात दुकानदाराचं काही चुकत नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच मच्छेला आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी शिकवतात, आणि जी पुस्तकं खपतात तीच फळीवर असतात. पण परीक्षेचं पुस्तक ज्याला विषय माहीत आहे त्याला उजळणीसाठी असतं. त्यात व्याख्या, मग प्रोग्रॅम, मग त्याचं आउटपुट छापलेलं. आउटपुट छापलेलं असलं की मूल प्रोग्रॅम चालवतच नाही. वाचतं आणि पाठ करतं. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीनं माझ्यासमोर फॅक्टोरियलचा (एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम कागदावर एका दमात लिहून दाखवला. पाचाऐवजी सहाचं काढ म्हटलं तर ती थांबली. कुठला आकडा बदलायचा ते तिला माहीत नव्हतं.

सी म्हटलं की यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी'चं नाव येणारच. नागपूरच्या या लेखकानं भारतातल्या किती मुलांना सी शिकवलं असेल याला मोजमाप नाही, आणि त्यांची भाषा खरोखर सोपी आहे. समजावण्याची हातोटी आहे. माझा आक्षेप पुस्तकावर नाही, आपल्याकडं ते कसं पोचतं त्यावर आहे. थोरल्या भावाची किंवा मामाची जुनी प्रत येते. जुन्या आवृत्त्या टर्बो सीच्या जमान्यातल्या. टर्बो सी हे १९८७ साली बोरलँड कंपनीनं काढलेलं, सीचे प्रोग्रॅम चालवायचं डॉसवरचं (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमवरचं) सॉफ्टवेअर, आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर ते सरळ चालतच नाही, डॉसबॉक्ससारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत चालवावं लागतं. मुलानं नवा कंपायलर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) घेतला तर पुस्तकातलं कोनिओ नावाचं हेडर, म्हणजे जोडायची फाइल, लिनक्सवर मिळत नाही, पडदा पुसायची क्लिअरस्क्रीनची ओळ चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे आकड्यांची गोष्ट. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटचा, तो ३२७६७ च्या पुढं जात नाही, गेला की उलटून ऋण होतो. आजच्या कंपायलरात तो सहसा चार बाइटचा असतो. पुस्तक सांगतं उत्तर ऋण येईल, पडद्यावर येतं बरोबर उत्तर. ज्याला विषय कळतो तो यातून शिकेल. पहिल्यांदा हात घालणारं मूल मात्र पुस्तक आणि मशीन यांच्या मधे सापडतं. तेव्हा 'लेट अस सी' घ्यायचंच असेल तर नवी आवृत्ती घ्या, आणि दुसरं पुस्तक म्हणून घ्या.

काही शिक्षक आणखी वरचं नाव सांगतात, कर्निगन आणि रिची यांचं 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज'. पहिली आवृत्ती १९७८ ची, दुसरी १९८८ ची. पुस्तक थोरच आहे. पण हे नवशिक्यांचं पुस्तक नव्हे, व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), फंक्शन (नाव दिलेलं काम) या गोष्टींची ओळख आधी असायला हवी, असं लेखकांनीच प्रस्तावनेत सांगितलंय. दहावी झालेल्या पोराला ते देऊ नये.

तर 'थिंक पायथन'. याची जन्मकथा मी दर वर्षी मुलांना सांगते. १९९९ साली डाउनी अमेरिकेत कोल्बी कॉलेजात जावा नावाची भाषा शिकवणार होते. आधीच्या वर्गातली बरीच मुलं नापास झाली होती, आणि त्यांच्या मते एक मोठं कारण पुस्तक होतं: फार जाड, फार तपशील, मुलं वाचतच नव्हती. म्हणून त्यांनी स्वतः लिहायला घेतलं, रोज एक धडा असे तेरा दिवसांत तेरा धडे. ठरवलं एवढंच की धडा लहान ठेवायचा; मुलांनी पन्नास पानं न वाचण्यापेक्षा दहा पानं वाचलेली बरी. शब्द जपून वापरायचे आणि नवा शब्द आला की तिथंच सांगायचा. मग हे पुस्तक त्यांनी मोकळ्या परवान्यावर सोडलं, म्हणजे कुणीही घ्यावं, बदलावं. व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टनच्या यॉर्कटाउन हायस्कूलचे शिक्षक जेफ एल्कनर यांनी ते उचललं आणि आपल्या वर्गासाठी जावाचं पायथन करून टाकलं. एका शाळामास्तरानं आपल्या पोरांसाठी केलेलं हे काम पुढं वाढत वाढत आजचं पुस्तक झालं. मला या पुस्तकाचा जिव्हाळा वाटतो त्याचं अर्धं कारण हेच आहे. ते वर्गात घडलंय, आणि ते पानापानावर जाणवतं.

वाक्यं छोटी आहेत. प्रत्येक धड्याच्या शेवटी शब्दसूची आहे, त्या धड्यात आलेले नवे शब्द आणि एकेका ओळीत त्यांचा अर्थ. मी मुलांना धड्याच्या आधी हीच सूची वाचायला लावते, समोर मराठीत त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगते, मग धडा. असं केलं की इंग्रजीची निम्मी भीती तिथंच जाते.

आणि जवळजवळ प्रत्येक धड्यात चुका शोधण्यावर एक वेगळा भाग आहे. नवशिक्यांच्या इतर पुस्तकांत हा विषय असतो तेव्हा शेवटी कुठंतरी, एका कोपऱ्यात असतो. इथं पहिल्या धड्यापासून आहे. सुरुवातीलाच चुकांचे तीन प्रकार सांगितलेत. एक, व्याकरणाची चूक, प्रोग्रॅम चालूच होत नाही. दोन, चालता चालता मधेच थांबतो. तीन, शेवटपर्यंत चालतो, तक्रार करत नाही, आणि उत्तर चुकीचं देतो. हा तिसरा प्रकार मुलांना कसा कळला ते सांगते.

नंदगडची एक मुलगी माझ्याकडं येत होती, घरी म्हशी, दूध डेअरीला घालतात. तिनं सकाळचं आणि संध्याकाळचं दूध विचारून बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहिला. सकाळचं ४ लिटर घातलं, संध्याकाळचं ३. उत्तर आलं ४३. "टीचर, कायतर चुकलंय बघा, एवढं दूध आमच्यात कुठलं!" मी काही सांगितलं नाही, पुस्तकात शोध म्हटलं. पाचव्या धड्याच्या शेवटी कीबोर्डवरून माहिती घेण्याचा भाग आहे. तिथं लिहिलंय की इनपुटनं आलेली गोष्ट मजकूर असते, आकडा हवा तर इंट लावून बदलून घ्यावी लागते. मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढं एक चिकटवणं. तिनं दोन्हीकडं इंट लावला, ७ आले. मग तिनंच पुढचा प्रश्न काढला: डेअरीची पट्टी साडेतीन लिटर अशी असते, त्याचं काय? ३.५ घातल्यावर प्रोग्रॅम मधेच थांबला. म्हणजे दुसऱ्या प्रकारची चूक. इंटच्या जागी फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, आला आणि ते चाललं. एका दुधाच्या हिशेबात दोन प्रकारच्या चुका पदरात पडल्या, आणि चूक झाल्यावर येणाऱ्या लाल अक्षरांची भीती गेली. चुकांच्या संदेशात शेवटची ओळ आधी वाचायची, हेही आता ती धाकट्या भावाला शिकवते.

चौथा धडा माझा सगळ्यात आवडता. टर्टल म्हणजे पडद्यावरचं कासव, त्याला पुढं जा, डावीकडं वळ असं सांगून चित्र काढायचं. पायथनसोबतच येतं, इंटरनेट लागत नाही. आधी चौरस काढायचा. मग चौरसाचं फंक्शन करायचं. मग बाजूची लांबी बदलता आली पाहिजे. मग चारच बाजू कशाला, कितीही चालल्या पाहिजेत. इथं वळायचा कोन किती, असं विचारल्यावर मुलं गप्प बसतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, बाह्यकोनांची बेरीज ३६० की! आपल्या मराठी शाळेतल्या फळ्यावरचं वाक्य इंग्रजी पुस्तकात उपयोगी पडलेलं असतं. ३६० ला बाजूंनी भागायचं, संपलं. पुढं पुस्तक ५० बाजूंचा बहुभुज काढतं, परीघ दोन पाय आर धरून, आणि पडद्यावर वर्तुळ दिसतं. "टीचर, हे गोल झालं की!" हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकते. एक काम आधी साधं करायचं, मग ते अधिकाधिक ठिकाणी उपयोगी पडेल असं बदलत न्यायचं, हा प्रोग्रॅमिंगचा गाभा इतक्या थोड्या पानांत मी दुसरीकडं वाचलेला नाही.

आता पुस्तकात जे नाही, ते. उदाहरणं सगळी इंग्रजी शब्दांची आहेत. नवव्या धड्यात शब्दकोड्यांच्या इंग्रजी शब्दांची भलीमोठी यादी घेऊन खेळायला लावलंय, ई नसलेले शब्द शोधा वगैरे. आमच्या मुलांना त्यातले बहुतेक शब्द अनोळखी. मी ती यादी बाजूला ठेवते आणि तालुक्यातल्या गावांची यादी मराठीत करायला लावते. पायथन ३ ला देवनागरी चालते. मजकूर तर चालतोच, व्हेरिएबलचं नाव 'दूध' ठेवलं तरी चालतं, आणि इनपुटला देवनागरी ४ टाइप केला तरी इंट तो चारच समजतो. हे बघून मुलांचे चेहरे फुलतात.

पण इथं एक खाच आहे, आणि ती शिकवणाऱ्याला माहीत पाहिजे. मजकुराच्या धड्यात शब्दाची लांबी मोजणं, शब्द उलटा करणं येतं. 'बेळगाव' ची लांबी विचारली तर पायथन ६ सांगतो. आपण चार अक्षरं म्हणतो. मात्रा आणि काना तो वेगळे मोजतो: ब, मात्रा, ळ, ग, काना, व. आणि उलटं केलं की येतं 'वागळेब'. ग चा काना व ला जाऊन बसला, ब ची मात्रा ळ वर चढली. सहाव्या धड्यात उलटसुलट सारखा असलेला शब्द ओळखण्याचा सराव आहे. 'कडक' दिला की बरोबर म्हणतो, 'नयन' बरोबर, आणि 'काका' दिला की नाही म्हणतो. मुलं चक्रावतात. मग मजकूर मशीनमध्ये कसा साठवतात, युनिकोड (प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देण्याची पद्धत) म्हणजे काय, हे सांगायला अशी दुसरी चांगली वेळ मिळत नाही. या सगळ्यावर पुस्तकात काहीच नाही. मराठीत शिकवणाऱ्यानं ही जोड स्वतः द्यायची.

दुसरी तक्रार क्रमाची. फंक्शननं स्वतःलाच बोलावणं, म्हणजे रिकर्शन, पाचव्याच धड्यात येतं, आणि व्हाइल लूप सातव्यात. पहिल्यांदा शिकणाऱ्याला हे उलटं पडतं. मी पाचव्यातला शर्तींचा भाग घेते, कीबोर्डचा भाग पुढं ओढते, मग सरळ सातवा, आणि रिकर्शन सगळ्यात शेवटी. सरावातही काही प्रश्न गणिताकडं फार झुकतात. फर्माचं प्रमेय, ॲकरमन फंक्शन हे मी ज्याला गणिताची आवड आहे त्यालाच देते. युक्लिडच्या रीतीनं मसावि काढण्याचा प्रश्न मात्र सगळ्यांना. पंधराव्या धड्यापासून क्लास आणि ऑब्जेक्ट येतात. या मोकळ्या दिवसांत तिथवर जाण्याची घाई करू नये. अकराव्या धड्यापर्यंत, म्हणजे डिक्शनरीपर्यंत (नावाला माहिती जोडून ठेवण्याची सोय) नीट पोचलं तरी मूल स्वतःचं काहीतरी लिहू लागतं.

२०२४ साली तिसरी आवृत्ती आलीय, तीही मोफत वाचता येते. मग दुसरी का? तिसरी आवृत्ती ज्युपिटर नोटबुकवर बेतलीय, धडे ब्राउझरात कोलॅबवर (गुगलची इंटरनेटवरची सेवा) उघडून तिथंच चालवायचे. बेळगाव शहरात घरी वायफाय आणि लॅपटॉप असेल तर खुशाल तीच घ्या, मांडणी जास्त नेटकी आहे. पण आमच्याकडं जांबोटी, कणकुंबीकडून मुलं येतात. पावसाळा लागला की तिकडं लाइट जाते, नेटवर्क जातं. जूननंतर कागदावरचं पुस्तक आणि मशीनवर घातलेला पायथन एवढंच हाताशी उरतं. त्यांना दुसरी आवृत्तीच सोयीची. पहिली आवृत्ती मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. ती पायथन २ ची आहे, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला कायमचा संपला. कुठलंही पायथनचं पुस्तक हातात आलं की पहिलाच प्रोग्रॅम बघायचा: प्रिंट नंतर कंस असेल तर पायथन ३ चं समजा, कंसाशिवाय असेल तर परत ठेवायचं. दुकानात उभ्या उभ्या करता येणारी ही परीक्षा आहे, पालकांनाही जमेल.

बाकीची पुस्तकं थोडक्यात.

एनसीईआरटीचं अकरावीचं कॉम्प्युटर सायन्स. पायथनच शिकवतं, पीडीएफ मोफत. पण पायथन सुरू होतो पाचव्या धड्यात. त्याआधी कॉम्प्युटरची रचना, संख्यापद्धती, नवं तंत्रज्ञान. चौथा धडा फ्लोचार्ट आणि पायरीपायरीनं विचार करण्यावर आहे, तो फार चांगला आहे आणि मी तो सगळ्यांना देते. ज्यांना पीयूसीला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय त्यांनी हे पुस्तक जवळ ठेवावंच. एकट्यानं शिकण्यासाठी मात्र ते कोरडं वाटतं.

एरिक मॅथिस यांचं 'पायथन क्रॅश कोर्स', तिसरी आवृत्ती २०२३ ची. इंग्रजी सोपं, आणि सराव धड्याच्या शेवटी न ठेवता मधे मधे दिलाय, हे मला फार आवडतं. उत्तरार्धात तीन मोठे प्रकल्प आहेत: एक खेळ, एक आकडेवारीची चित्रं, एक वेबसाइट. पण पाचशेहून जास्त पानं, आणि ते विकत घ्यावं लागतं. त्याच्या चोरून फिरणाऱ्या पीडीएफ मुलं मोबाइलवर दाखवतात. त्या मी वापरू देत नाही, जेव्हा तितकंच चांगलं पुस्तक लेखकानं स्वतः मोकळं ठेवलंय. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला वाढदिवसाला द्यायला हे उत्तम.

ॲल स्वाइगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन' नोकरी करणाऱ्यांसाठी. हेही लेखकाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब बघणाऱ्या माझ्या मावसभावाला मी हेच दिलं. त्याला कासव काढण्यात रस नव्हता. त्याच्याकडं वेगवेगळ्या एक्सेल फाइली येतात आणि त्यांतले आकडे एका फाइलीत आणायचे असतात. या पुस्तकाच्या पहिल्या भागात भाषा, आणि दुसऱ्या भागात एक्सेल, पीडीएफ, फाइलींची नावं बदलणं अशी रोजची कामं. त्यानं एक्सेलचा धडा काढला, अडला की मागं जाऊन वाचलं, आणि त्याचं काम उरकायला लागलं. सोसायटीत, पतपेढीत, शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी 'थिंक पायथन'च्या वाटेला न जाता थेट हे घ्यावं.

मराठीतली पुस्तकं का नाहीत, असं कुणी विचारेल. मी आणून बघितली. मनापासून हवी आहेत. पण माझ्या हातात आलेल्या एका पुस्तकाची जुळणी अशी होती की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी गोलाकार चिन्हं छापली होती, आणि प्रत्येक ओळ डाव्या समासाला चिकटवली होती. छापील मराठी मजकुरात ही चिन्हं शोभून दिसतात, प्रोग्रॅममध्ये मात्र पायथन ती घेत नाही. आणि ओळीच्या आधी सोडलेली जागा हेच तर पायथनचं व्याकरण आहे. ती जागा गेली की कुठल्या ओळी लूपच्या आत आणि कुठल्या बाहेर, काहीच कळत नाही. त्या पुस्तकातला लूपचा एकही प्रोग्रॅम जसाच्या तसा चालला नाही. मराठीत लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की छापायला देण्याआधी शेवटच्या प्रुफावरून प्रत्येक प्रोग्रॅम एकदा टाइप करून चालवून बघा. आणि 'थिंक पायथन' व्यापारासाठी नसेल तर वाटायची, बदलायची मुभा परवान्यातच आहे. कुणी जाणकार ते नीट मराठीत आणणार असेल तर दुधाची आणि 'वागळेब'ची उदाहरणं मी आनंदानं देईन.

छापून घेणाऱ्यांसाठी थोडं. पूर्ण पुस्तक अडीचशे पानांच्या आत आहे. पहिले अकरा धडे पाठपोट छापले तर प्रत हातात मावेल एवढी होते. झेरॉक्सवाले कागद वाचवायला एका बाजूला दोन पानं बसवू का विचारतात, त्याला नाही म्हणा. अक्षर बारीक झालं की ओळीआधीची जागा आणि एकेरी-दुहेरी अवतरणचिन्हं दिसत नाहीत, आणि मग तीच पंचाईत होते. स्पायरलच घ्या, कारण टाइप करताना पुस्तक टेबलावर उघडं पडून राहिलं पाहिजे. मी मुलांना देते तेव्हा छपाईच्या खर्चावर एक पैसाही घेत नाही, परवान्याची अटच तशी आहे.

जुना कॉम्प्युटर असेल तर पायथन घालण्याआधी विंडोज कुठलं ते बघा. विंडोज ७ वर पायथन ३.८ पर्यंतच चालतो, त्याच्या पुढचा घालायला गेलं की होत नाही आणि मुलं मशीन बिघडलं समजतात. ३.८ वर हे अख्खं पुस्तक व्यवस्थित चालतं. घालताना पहिल्याच खिडकीत खाली पाथ (PATH) असं लिहिलेली एक चौकट असते, तिच्यावर टिक करायची. नेट नसलेल्या गावी जायचं असेल तर घालायची फाइल पेन ड्राइव्हवर सोबत न्या.

कॉलेजात गेल्यावर सी येणारच, म्हणून पालक विचारतात की मग आधीच सी का नको. माझ्याकडून गेलेली मुलं सांगतात की लूप, शर्त, फंक्शन डोक्यात बसलेलं असलं की सीमध्ये नवं राहतं ते अर्धविराम, कंस, व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगणं आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता). पॉइंटरला वेळ लागतो, तो कुणालाही लागतो. तेव्हा पहिलं सेमिस्टर सुरू झालं की 'लेट अस सी'ची नवी प्रत आणा, आणि चौरसाचा, दुधाचा, मसाविचा तोच प्रोग्रॅम सीमध्ये पुन्हा लिहायला बसवा.